टेबलाच्या पायऱ्या

पोटमाळ्यावर मिस्त्री गुडघ्यांवर रांगत होता आणि खाली मास्तर दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते. वरून अधूनमधून लाकडावर हातोडी ठोकल्याचा आवाज येई, मागोमाग धूळ खाली सांडे, आणि धुळीमागोमाग मिस्त्रीचे एखादे वाक्य.

"वासे चांगले आहेत, मास्तर. तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहेत."

"मग झालं तर."

"झालं काय? आढ्याखाली उभा राहिलो तरी माझी मान वाकते, आणि मला तर माझी बायकोसुद्धा बुटका म्हणते. इथे माणसानं राहायचं म्हणजे छप्पर उचलावं लागेल."

मिस्त्री खाली उतरला. डोक्यातली जळमटे झटकत त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि मास्तरांच्या कापणीच्या टेबलावर पडलेल्या एका पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला हिशेब मांडायला घेतला. कौले उतरवणे, भिंती दीड हात वाढवणे, वासे पुन्हा चढवणे, फळ्यांची तक्तपोशी, रस्त्याच्या बाजूला खिडकी, आणि शिडीच्या जागी जिना. एकेक ओळ लिहून झाली की तो मास्तरांच्या तोंडाकडे पाही आणि मग पुढची ओळ लिही. शेवटी त्याने आकड्याखाली रेघ मारली. ती रेघ त्याने जरा हळूच मारली.

मास्तर जन्माचे शिंपी. मोठा आकडा त्यांना कोटांच्या भाषेत उतरवल्यावाचून कळत नसे. डोळे मिटून, ओठ हलवून त्यांनी तो उतरवला. दोनशे ऐंशी कोटांची शिलाई. आठवड्याला तीन कोट, तेही डोळ्यांनी साथ दिली तर. मास्तरांना बासष्टावे वर्ष लागले होते.

"मी म्हणतो, हा खर्च कशाला?" मिस्त्रीचा स्वर मऊ झाला. "दुकानाच्या मागे लाकडी आडोसा करू, एक खिडकी पाडू, खाट टाकू. आठ दिवसांचं काम. पाहुणा सुखात राहील."

"पाहुणा नाही. माझा थोरला भाऊ आहे तो."

"तेच ते. भाऊ सुखात राहील."

कोपऱ्यातल्या यंत्रापाशी बसून काजे करणाऱ्या मास्तरांच्या पत्नीने सुईवरची नजर न काढताच म्हटले, "मिस्त्री, तुम्ही उगाच घसा कोरडा करू नका. यांच्या डोक्यात ते छप्पर शिरलंय. ते उचलल्याशिवाय डोकं रिकामं व्हायचं नाही."

मिस्त्री हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तो पुठ्ठा खिळ्याला अडकवला. खिळ्याला इतर नमुन्यांचे पुठ्ठेही होते, बाह्यांचे, कॉलरींचे, पाठीचे. त्यांच्यातच हाही एक लटकत राहिला.

छप्पर डोक्यात शिरण्यास कारण होते, आणि ते पस्तीस वर्षे जुने होते.

वडील गेले तेव्हा दोघा भावांच्या हाती आले ते हे दुकान, दुकानामागची एकच खोली, आणि दुकानाच्या मधोमध असलेले कापणीचे टेबल. चार जाड फळ्या एकजीव करून आजोबांच्या काळी कुणा कुशल सुताराने ते बनवले होते. पुढे थोरल्याने धाकट्याचे लग्न ठरवले, पित्याच्या जागी स्वतः उभे राहून ते लावून दिले, आणि त्याच दिवशी आपले अंथरूण उचलून पोटमाळ्यावर नेले. ती एकच खोली नव्या जोडप्याची झाली. पोटमाळ्यावर चिंध्यांची गाठोडी असत. त्यांच्यामध्ये अंग दुमडून थोरले झोपत. ते उंच होते. तेथे ताठ उभे राहणे दूरच, बसतानाही त्यांना मान एका बाजूला कलती ठेवावी लागे. उन्हाळ्यात कौले तापत आणि सकाळी ते शिडी उतरून येत तेव्हा कमरेपासून वाकलेले असत. सरळ व्हायला त्यांना दहा-बारा पावले चालावी लागत. धाकट्याला ते पाहवत नसे. "दादा, तू खाली झोप, आम्ही वर जातो," असे तो म्हणाला की थोरले म्हणत, "अरे, वर मोठी मजा आहे. चांदण्या मोजतो मी, कौलांच्या फटीतून."

दोन वर्षे अशी गेली. मग एक दिवस थोरल्यांनी सांगितले, की लांबच्या शहरातील गणवेशांच्या कारखान्यात कापणाऱ्याची जागा मिळाली आहे. एका दुकानावर दोन चुली पेटणार नाहीत, हे त्यांनी उच्चारले नाही आणि धाकट्याने विचारले नाही. त्या घराण्याची रीतच तशी होती. थोरले गेले. त्यांनी लग्न केले नाही. भाड्याच्या खोल्यांतून आयुष्य काढले, आणि दुकान चालेनासे झाले त्या तीन वर्षांत न मागता पैसे पाठवले.

आता कारखान्याने त्यांना निवृत्त केले होते. मास्तरांनी "घरी ये" म्हणून लिहिले. त्यावर उत्तर आले ते चार ओळींचे. "येतो. दुकानाच्या मागे, खालीच, एक खाट पुरे. खर्चात पडू नकोस. सूनबाईंना नमस्कार." धाकट्याच्या बायकोला ते पहिल्यापासून सूनबाई म्हणत, सासऱ्याचे काम आपण केले, तर मानही आपलाच, असे ते हसून सांगत.

मास्तरांनी ते पत्र पत्नीला वाचून दाखवले. "पाहिलंस? अजूनही तसाच. स्वतःसाठी एक वीतभर जागा मागेल तर शपथ."

"खालीच म्हणताहेत ते," पत्नी म्हणाली.

"म्हणणारच. वर पाठवायला आपल्याला खर्च पडेल ना! ज्या जागेत तो दोन वर्षं वाकून राहिला, त्याच जागेत तो ताठ उभा राहिलेला मला पाहायचा आहे. एकदा तरी."

पत्नीने दोरा दाताने तोडला आणि पुढचे काज करायला घेतले.

काम सुरू झाले. कौले आणि माळ्याच्या जुन्या फळ्या उतरल्या त्या दिवशी दुकानात आकाश आले. कापणीच्या टेबलावर, कापडाच्या गठ्ठ्यांवर, आरशावर कधी न पडलेले ऊन पडले, आणि आरशात आपल्याला इतके पांढरे केस आहेत हे मास्तरांना प्रथमच कळले. मिस्त्री भिंतीवर बसून विटा मागत होता. आठवडाभर मास्तरांनी उघड्या छपराखाली कोट शिवले. कोटांच्या खिशात लाकडाचा भुसा सापडतो अशी तक्रार एका गिऱ्हाइकाने केली, तेव्हा त्यांच्या पत्नीने त्याला सांगितले, "राहू द्या, कापडाला कसर लागायची नाही."

जिन्यापाशी येईपर्यंत साठवलेले आणि कर्जाऊ घेतलेले पैसे संपले. मिस्त्रीने स्वस्तातल्या लाकडाचा नमुना आणून दाखवला. मास्तरांनी त्यावर नख दाबले; नख आत गेले.

"याच्यावरून माझा भाऊ चढणार?"

"मग दुसरं कुठलं आणू, मास्तर? जुनं, मुरलेलं लाकूड आता सोन्याच्या भावात आहे. ते तुमच्यासारख्यांच्या घरातच सापडायचं." हे बोलताना मिस्त्रीची दृष्टी सहज कापणीच्या टेबलाकडे गेली, आणि ती तेथून परत वळवायचा त्याला विसर पडला.

मास्तर टेबलापाशी गेले. मग त्यांनी टेबलावरची कात्री, खडू, लाकडी पट्टी उचलून बाजूला ठेवली. त्या टेबलावर बसण्याचीही त्या घरात कुणाला परवानगी नव्हती. लहानपणी थोरल्यांनी एकदा त्यावर गुडघा टेकला, तर वडिलांनी याच लाकडी पट्टीने त्यांचा गुडघा फोडला होता. जे अन्न देते त्याला पाय लावायचा नाही, एवढाच त्यांचा धर्म होता.

"चार फळ्या आहेत," मास्तर म्हणाले. "प्रत्येकीच्या तीन पायऱ्या निघतील?"

मिस्त्रीने मापले. "बरोबर बारा. एकही जास्त नाही, एकही कमी नाही." आणि थोडे थांबून, "मास्तर, तुम्ही कापणार कशावर?"

"कापीन कशावर तरी."

त्या दिवसापासून दोन लाकडी घोड्यांवर टाकलेल्या पातळ पत्र्यावर ते कापू लागले. तो त्यांच्या कमरेपेक्षा हातभर खाली होता. दिवसअखेरीस त्यांची पाठ वाकडी होऊ लागली आणि सरळ व्हायला दहा-बारा पावले चालावी लागू लागली. ही गोष्ट त्यांच्या पत्नीने पाहिली. त्यांनी स्वतः ती जाणली नाही.

थोरले आले ते एक ट्रंक आणि एक छत्री घेऊन. वयाने ते सत्तरीच्या अलीकडे होते, पण उंबरठ्यापाशी ते थांबले आणि चौकटीला हात टेकून हसले, तेव्हा मास्तरांना वाटले की हे कालच गेले होते.

"धाकट्या, टेबल कुठे गेलं रे?" आत आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न हा.

"चढ, म्हणजे कळेल."

थोरल्यांनी जिन्याकडे पाहिले. खालून वरपर्यंत, आणि पुन्हा वरून खालपर्यंत. मग ते पहिल्या पायरीजवळ गेले, वाकले, आणि तळव्याने तिच्यावरून हात फिरवला. कापडावर नमुना उतरवणाऱ्या आखणीच्या चाकाचे बारीक टिंबांचे ठसे लाकडात अजून होते. कित्येक वर्षांच्या बाह्या, कित्येक वर्षांच्या पाठी त्या टिंबांत एकीवर एक पडलेल्या होत्या.

"अरे वेड्या," ते हळूच म्हणाले. "बाबांनी पाहिलं असतं तर दोघांनाही सोलून काढलं असतं."

आणि त्यांनी बूट काढले. खाली बसून, नाडी सोडून, एकेक करून. त्याला वेळ लागला. मग ते अनवाणी चढले. सातव्या पायरीवर इस्त्रीचा काळा त्रिकोणी डाग होता. तो थोरल्यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी पाडला होता आणि त्याबद्दलचा मार धाकट्याने आपल्या अंगावर घेतला होता. त्या पायरीवर ते थबकले. भिंतीत तेथे हातभर रुंदीची एक जाळीदार खिडकी मिस्त्रीने ठेवली होती. तिच्यातून ते रस्ता पाहू लागले. पुष्कळ वेळ पाहत राहिले.

"काय दिसतंय, दादा?"

"रस्ता," ते म्हणाले. "छान दिसतो इथून."

वर गेल्यावर ते खोलीच्या मध्यभागी आढ्याखाली उभे राहिले. मास्तर दाराशी उभे होते. या एका क्षणासाठी त्यांनी दोनशे ऐंशी कोट अंगावर घेतले होते. थोरले उभे राहिले, पण ताठ नव्हे. पाठीला कमान आली होती, खांदे पुढे आले होते. त्यांचे डोके आणि नवे छप्पर यांच्यामध्ये दीड हाताहून अधिक पोकळी राहिली. शिंप्याच्या डोळ्याला ती तत्काळ दिसली. छप्पर न उचलताही हा माणूस येथे उभा राहू शकला असता.

"केवढी उंच केलीस रे," थोरले म्हणाले, आणि त्यांनी हात वर करून आढ्याला बोटे लावण्याचा प्रयत्न केला. बोटे पोहोचली नाहीत. दोघेही हसले.

पुढच्याच आठवड्यात मास्तरांनी भावाचे माप घेतले. नव्या खोलीला नवा कोट आणि नवी विजार हवी, असा त्यांचा हट्ट होता.

येथे त्या घराण्याच्या कामाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यातून आले. माणसाच्या देहात जे उणे असेल, त्याचा उच्चार शिंप्याने करावयाचा नाही, अशी ती रीत होती. एक खांदा पडका असेल, पाठीवर उंचवटा असेल, एक पाय आखूड असेल, तर तोंडातून चकार शब्द काढावयाचा नाही. वहीत त्या मापावर पेन्सिलीने एक टिंब द्यावे आणि कापडात ते उणे झाकावे. येथे थोडी भर घालावी, तेथे थोडे सैल सोडावे, की घालणाऱ्यालाही आपण झाकले गेलो हे कळू नये. ही विद्या वडिलांनी थोरल्यास दिली होती आणि थोरल्यांनी धाकट्यास. गिऱ्हाइकांचा या दुकानावर लोभ होता तो पुष्कळसा या टिंबामुळे.

मास्तर टेप घेऊन भावाभोवती फिरले. खांदा, छाती, बाही. छातीवर टेप असताना श्वास आत-बाहेर होताना त्यांना बोटांखाली कळत होता. तो उथळ होता, आणि मध्येच अडत होता. मग ते विजारीची लांबी घेण्यासाठी खाली बसले. घोट्यापाशी त्यांनी टेप वेढला, आणि माप चुकल्यासारखे करून पुन्हा वेढला. घोटे सुजलेले होते. मोज्यांच्या कडा मांसात रुतून तांबडे वळ पडले होते.

मास्तरांनी मान वर केली नाही. थोरल्यांनी मान खाली केली नाही. ते समोर आरशात पाहत होते.

"पायाशी मोहरी जरा सैल ठेव रे," थोरले सहज म्हणाल्यासारखे म्हणाले. "आता तशीच पद्धत आहे म्हणतात."

"हो, तशीच आहे," मास्तर म्हणाले.

वहीत त्यांनी घोट्याचा आकडा लिहिला. त्यावर एक टिंब दिले. आणि वही मिटली.

दिवस जाऊ लागले, आणि ते सुखाचे होते, हे सांगितले नाही तर त्या घरावर अन्याय होईल. सकाळी थोरले खाली येत, यंत्रापाशी बसून अस्तरे टाचत, गिऱ्हाइकांची फिरकी घेत. एक लठ्ठ व्यापारी आरशासमोर पोट आत ओढून उभा राहिला की ते म्हणत, "शेठ, सोडा श्वास. कोट तुम्हाला घालायचाय, आम्हाला नाही." मास्तरांची पत्नी पदराने तोंड झाकून हसे. पस्तीस वर्षांत त्या दुकानात इतके हसू झाले नव्हते.

जेवून ते वर जात. बूट काढून, अनवाणी. सातव्या पायरीवर ते नेहमी थांबत.

"अहो," एकदा पत्नी म्हणाली, "दादा तिथं रोज थांबतात."

"रस्ता पाहतो तो. पहिल्या दिवसापासून आवडलाय त्याला."

"पहिल्या महिन्यात आल्यागेल्याला हाक मारायचे खिडकीतून. आता नुसते उभे असतात. भिंतीला टेकून. विचारा ना एकदा."

"काय विचारू? तुझ्यानं जिना चढवत नाही का, म्हणून? मोठा आहे तो माझ्याहून. अपमान वाटेल त्याला."

पण त्यांनी मिस्त्रीला बोलावून सातव्या पायरीपाशी, खिडकीखाली, एक लहानशी फळी ठोकून घेतली, बसण्यापुरती. "रस्ता पाहायला बरं," एवढेच त्यांनी भावाला सांगितले. थोरल्यांनी फळीकडे पाहिले, मग भावाकडे पाहिले. "बरं झालं," ते म्हणाले. आणि त्या दिवसापासून ते तेथे बसू लागले. मिस्त्री मात्र जाताना दुकानाच्या पायरीवर क्षणभर रेंगाळला होता. "मास्तर, जिन्याच्या मध्यावर बसायची जागा मागणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत," तो म्हणाला होता. "रस्ता कुणी पाहत नाही हो." मास्तरांनी त्याची मजुरी त्याच्या हातावर ठेवली.

पाचवा महिना लागला होता. दुपारची वेळ होती. थोरले जेवून जिन्याकडे गेले. बूट काढल्याचा आवाज मास्तरांनी ऐकला, पायऱ्यांचा आवाज ऐकला, नंतर आवाज थांबला. दादा सातव्या पायरीवर थांबणार, हे ठाऊकच होते. मास्तर एका बाहीची गोलाई कापीत होते. बाही कापून झाली, दुसरी झाली. मग त्यांच्या लक्षात आले की पुढच्या पाच पायऱ्यांचा आवाज आलाच नाही.

थोरले फळीवर बसले होते, डोके खिडकीच्या चौकटीला टेकलेले. डोळे उघडे होते आणि रस्त्याकडे होते. मास्तरांनी हाक मारली. मग पायाला हात लावला. पाय अनवाणी होते, आणि गार होत चालले होते.

डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, आणि कोटाच्या आतल्या खिशात चाचपले. औषध किंवा कागद असतो पुष्कळदा, ते म्हणाले. तो खिसा मास्तरांनी स्वतः शिवला होता. त्यातून घड्या पडून कडा झिजलेला एक कागद निघाला. कारखान्याच्या डॉक्टरांचा होता, "खालीच, एक खाट पुरे" या पत्राच्या तीन आठवडे आधीचा. हृदय दुबळे झाले आहे. त्यामुळे कामावरून मुक्त करण्यात येत आहे. जिने चढणे वर्ज्य.

डॉक्टरांनी तो कागद वाचला, जिन्याकडे पाहिले, आणि कागद मास्तरांच्या हाती दिला.

सारे पार पडल्यावर आठव्या दिवशी मास्तर ट्रंक आवरायला वर गेले. पत्नीही मागोमाग आली. नवी विजार खुंटीला होती. शिंप्याचा हात आपोआप मोहरीकडे गेला. त्यांनी ठेवली होती ती सैल मोहरी उसवलेली होती. आत दुमडून ठेवलेले जास्तीचे कापड, ज्याला शिंपी माया म्हणतात, ते सारे बाहेर सोडलेले होते आणि पुन्हा हाताने शिवलेले होते. एकदा नव्हे, दोनदा. जुन्या टाक्यांची भोके कापडात दिसत होती. टाके बारीक, एकसारखे, अदृश्य. असे टाके त्या घरात एकाच माणसाला येत. थोरल्यांनी आपले उणे आपणच झाकले होते, की धाकट्याला दुसऱ्यांदा टिंब द्यावे लागू नये.

मास्तर विजार मांडीवर घेऊन खाटेवर बसले.

"मी पाहिले होते त्याचे पाय," ते म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात. या हातांनी मापले होते."

पत्नी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "मी विचारलं होतं त्यांना," ती म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही फळी ठोकून घेतलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, दादा, खाली खाट टाकते, यांना मी सांगते. तर त्यांनी भिंतीवरच्या त्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं, मिस्त्रीच्या हिशेबाच्या. म्हणाले, सूनबाई, मी पण शिंपीच आहे. दोनशे ऐंशी कोट होतात ते. त्याला माझ्यासाठी दोनशे ऐंशी कोट जड नाही झाले, आणि मला बारा पायऱ्या जड होतील?" तिचा आवाज तेथे फुटला. "मला शपथ घातली हो त्यांनी. मी कशी मोडणार?"

खाली दुकानात कोणीतरी गिऱ्हाईक येऊन टकटक करून गेले. दोघांपैकी कुणीही उठले नाही.

संध्याकाळी मास्तरांनी मापांची वही काढली. भावाचे पान उघडले. खांदा, छाती, बाही, आणि सगळ्यांत खाली घोटा. त्यावरचे पेन्सिलीचे टिंब. त्यांनी पेन्सिल घेतली आणि टिंबाच्या शेजारी, तीन पिढ्यांत त्या वहीत कुणी लिहिले नव्हते असे, अक्षरांत लिहिले: पाय सुजले होते. मी विचारले नाही.

दुकान पुन्हा सुरू झाले. अजून शंभरावर कोटांची शिलाई फेडायची होती. वरची खोली रिकामी राहिली. मिस्त्रीने ती भाड्याने देण्याबद्दल एकदा सुचवले. मास्तर त्याच्याकडे असे पाहत राहिले, की तो पुन्हा त्या विषयावर आला नाही. सातव्या पायरीवरची फळी मात्र त्यांनी काढू दिली नाही. ते स्वतः वर जाताना बूट काढीत, आणि तेथे पोहोचल्यावर थोडा वेळ बसत.

काही दिवसांनी एक वयस्क गृहस्थ विजारीचे माप द्यायला आले. जुने गिऱ्हाईक, मानी माणूस, कुठल्याशा कार्यालयात मोठ्या पदावर होते. मास्तर टेप घेऊन खाली बसले, त्यांनी घोट्याभोवती टेप वेढला, आणि त्यांचा हात थांबला. आरशात ते गृहस्थ समोर पाहत होते.

मास्तरांनी मान वर केली.

"साहेब, पाय सुजलेत तुमचे. डॉक्टरांना दाखवलंत का?"

कोपऱ्यातल्या यंत्राचे चाक थांबले. गृहस्थांच्या चेहऱ्यावर प्रथम आश्चर्य आले आणि मग राग. "मी तुमच्याकडे कपडे शिवायला आलोय, मास्तर," ते म्हणाले. "तब्येत दाखवायला नाही."

"ते खरं. पण दाखवलंत का?"

गृहस्थांनी पाय मागे घेतला, टोपी उचलली आणि ते निघून गेले. त्यांची विजार दुसऱ्या कुणीतरी शिवली असेल. ते पुन्हा त्या दुकानात आले नाहीत.

मास्तर जमिनीवर तसेच बसून होते, टेप हातात धरून. त्यांच्या पत्नीने काज अर्धे टाकून उठून त्यांना हात दिला, आणि सरळ उभे राहीपर्यंत सोडला नाही.